आधी मधले तिघे उभे करा: सिनसिनाटी बेंगल्सच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
श्री. माइक ब्राउन, मालक
श्री. ड्यूक टोबिन, खेळाडू निवडीचे प्रमुख
श्री. झॅक टेलर, मुख्य प्रशिक्षक
सिनसिनाटी बेंगल्स, ओहायो

विषय: आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरो याचं संरक्षण, विशेषतः त्याच्यापुढे उभ्या पाच जणांच्या फळीतल्या (लाइनमधल्या) मधल्या तीन जागा: सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड (त्यांच्या बाहेर दोन कडांना उभे राहतात ते टॅकल)

स.न.वि.वि.

१३ फेब्रुवारी २०२२, लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धचा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. आपण २०-२३ मागे, घड्याळात ४३ सेकंद, चेंडू रॅम्सच्या ४९ यार्डांवर, चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा) आणि हवं फक्त एक यार्ड. इव्हान मॅकफर्सनने त्या बाद फेरीत १४ पैकी १४ फील्ड गोल (पायाने मारायचे, तीन गुणांचे) मारले होते, त्यामुळे आणखी पंधराएक यार्ड मिळाले असते तरी बरोबरी हाताशी होती. बाहेरच्या बाजूला रॅम्सच्या जेलन रॅम्सीचा तोल गेला आणि आपला जामार चेस त्याला मागे टाकून मोकळा धावत सुटला. बरोला तिकडे बघायलासुद्धा सवड मिळाली नाही. रॅम्सचा ॲरन डॉनल्ड आत घुसला, त्याने बरोला धरून गरकन फिरवलं, आणि पडता पडता फेकलेला चेंडू समाजे पेराइनच्या हाती न लागता जमिनीवर आपटला.

त्या रात्री बरो ७ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. त्याआधी नियमित हंगामात ५१ वेळा, बाद फेरीत टेनेसी टायटन्सविरुद्धच्या एकाच सामन्यात ९ वेळा. बाद फेरीचे चार सामने धरून आकडा ७० वर गेला. टायटन्सविरुद्ध ९ सॅक खाऊनही आपण १९-१६ जिंकलो, आणि आम्हाला वाटतं तिथेच घात झाला. क्वार्टरबॅक इतका चिवट असेल तर बाकीचं भागून जातं, असा समज संघात मुरला.

तुम्ही काहीच केलं नाही असं आम्ही म्हणत नाही. २०२२ मध्ये लाइनसाठी ला'एल कॉलिन्स, ॲलेक्स कॅपा आणि टेड कॅरस आले. २०२३ मध्ये ऑर्लँडो ब्राउनला चार वर्षांसाठी ६.४ कोटी डॉलर देऊन डावा टॅकल म्हणून उभं केलं. २०२४ मध्ये ड्राफ्टची (कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीची) पहिली निवड टॅकल अमारियस मिम्सवर खर्च केली. तरी २०२४ साली बरोने लीगमध्ये सर्वाधिक ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन फेकले, ४८ सॅक खाल्ले, आणि संघ ९-८ वर अडकून बाद फेरीला मुकला. एवढा पैसा ओतूनही भिंत उभी राहत नसेल तर तो कुठे ओतला ते तपासायला हवं.

बरोला सर्वांत जास्त त्रास कोणी दिला ते आठवा. २२ नोव्हेंबर २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याचा डावा गुडघा गेला तेव्हा एका बाजूने आलेला जोनाथन ॲलन. टायटन्सविरुद्ध ३ सॅक काढणारा जेफ्री सिमन्स. सुपर बोलमध्ये डॉनल्ड. २९ जानेवारी २०२३ ला कॅन्सस सिटीत २०-२० बरोबरी असताना शेवटच्या मिनिटात बरोला पाडणारा ख्रिस जोन्स. १४ सप्टेंबर २०२५ ला जॅक्सनव्हिलविरुद्ध ज्याच्या सॅकमध्ये बरोच्या डाव्या पायाचा अंगठा निकामी झाला, शस्त्रक्रिया लागली आणि अडीच महिने गेले, तो एरिक आर्मस्टेड. पाचही जण मुळात आतल्या फळीचे, म्हणजे गार्ड आणि सेंटरसमोर उभे राहणारे. (२०२३ च्या शिबिरातलं पोटरीचं दुखणं पळताना आलं होतं. ते लाइनच्या माथी मारणं बरोबर नाही.)

मधला मारा इतका घातक का, हे साधं अंतराचं गणित आहे. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे सुमारे पाच यार्डांवर उभा असतो आणि तीन पावलं मागे जाऊन सात-आठ यार्डांवर थांबतो. कडेने येणाऱ्याला वळसा घालावा लागतो. टॅकलने त्याला नुसतं बाहेर ढकलत नेलं तरी तो क्वार्टरबॅकच्या पाठीमागून निघून जातो, कारण क्वार्टरबॅक एक-दोन पावलं पुढे सरकून त्याला चुकवू शकतो. पण पुढे सरकायला पुढे जमीन लागते, आणि ती जमीन राखायचं काम गार्ड आणि सेंटरचं. मधून येणारा सरळ रेषेत येतो. त्याने गार्डला तीन यार्ड मागे रेटलं की क्वार्टरबॅकचा पुढचा पाय टाकायला जागा उरत नाही, वजन मागच्या पायावर राहतं, चेंडू तरंगत जातो, शिवाय समोरचं मैदान दिसेनासं होतं. अशा वेळी टॅकल कितीही चांगला खेळत असला तरी त्याचा उपयोग नाही, कारण क्वार्टरबॅक मागे किंवा बाजूला पळतो आणि टॅकलने बाहेर नेलेल्या गड्याच्या अंगावर स्वतःहून जाऊन आदळतो. धावफलकावर तो सॅक कडेच्या खेळाडूच्या नावावर चढतो, पण तो हुकलेला असतो मधे. आमच्या मते गेल्या काही वर्षांत तुम्ही असेच आकडे वाचून टॅकल विकत घेत राहिलात.

गार्ड हरतो कसा, हे गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्यातून फार स्पष्ट दिसतं. पाय बघायचे. स्नॅप झाल्यावर (सेंटरने चेंडू मागे दिल्यावर) त्याचं पहिलं पाऊल चार-सहा इंचांचं, पाय खांद्याएवढे फाकलेले, बूड खाली, छाती वर, कोपरं बरगड्यांना चिकटलेली आणि दोन्ही हात समोरच्याच्या छातीवर आतून लागलेले हवेत. कुस्ती पाहिलेल्या कोणालाही ही बैठक ओळखू येईल. बैठक मोडते ती दोन प्रकारे. एक तर गार्ड समोरच्याला गाठायला कमरेतून पुढे झेपावतो, वजन चवड्यांवर येतं, आणि समोरचा त्याचे हात खाली दाबून बाजूने निसटतो. नाहीतर रेटा आल्यावर तो सरळ मागे चालू लागतो आणि त्याच्या टाचा एकमेकींजवळ येतात. टाचा जुळल्या की अर्ध्या सेकंदात तो क्वार्टरबॅकच्या मांडीवर जाऊन पडणार हे ठरलेलं. त्यावरचा उतारा म्हणजे मागे एक छोटी उडी घेऊन दोन्ही पाय एकदम रोवणं आणि कंबर पुन्हा खाली नेणं. हे पाठ करून येत नाही, अंगात मुरावं लागतं. सेंटरची गत आणखी अवघड, कारण त्याचा एक हात चेंडूत गुंतलेला असतो आणि स्नॅपनंतर तो हात उशिरा वर येतो. २०२५ साली लाइनचे प्रशिक्षक म्हणून आणलेले स्कॉट पीटर्स ब्राझिलियन जिउ-जित्सूतून आलेले आहेत. कंबर आणि हातांची भाषा त्यांना चांगली कळते, त्यामुळे ती निवड आम्हाला पटली. पण उस्तादाच्या हाती कच्चा गडी दिला आणि दर वर्षी तोही बदलला, तर तालीम जमणार कशी?

एकट्या गार्डच्या ताकदीने भागत नाही, कारण आता प्रतिस्पर्धी स्टंट लावतात. समोरच्या फळीतले दोघे ठरवून जागा बदलतात. आतला खेळाडू गार्डला सोडून तिरका बाहेर, टॅकलच्या आतल्या खांद्यावर घुसतो, आणि कडेचा त्याच्या मागून वळून गार्डने रिकाम्या केलेल्या फटीत शिरतो. गार्डचं काम असं की आपल्या गड्याचा पाठलाग करायचा नाही. त्याला दोन्ही हातांनी ढकलून टॅकलच्या ताब्यात द्यायचं, नजर लगेच आत आणायची आणि वळून येणाऱ्याला छातीवर घ्यायचं. टॅकलने त्याच क्षणी आपला गडी सोडून आतला घ्यायचा. हे जमायला दोघे स्नॅपनंतर एकाच खोलीवर, एका रेषेत हवेत. टॅकल गार्डपेक्षा दीड यार्ड जास्त मागे गेला असेल तर मधे घुसणारा गार्डलाच अडकवतो आणि वळणाऱ्याला दार सताड उघडं मिळतं. कबड्डीत साखळीतल्या दोघांपैकी एक अर्धं पाऊल आधी निघाला की चढाईवाला मधून निसटतो, अगदी तसंच. साखळीतल्या दोघांना एकमेकांचा श्वास कळावा लागतो. लाइनमध्ये शेजारच्याच्या कोपराचा स्पर्श, त्याचं पहिलं पाऊल किती खोल पडतं, तो गडी सोपवताना ओरडतो की नुसता ढकलतो, हे शेकडो स्नॅप एकत्र खेळल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आम्हाला जास्त राग आहे तो हंगामाच्या तयारीचा. लीग आणि खेळाडू संघटनेच्या सामूहिक करारानुसार नियमित हंगामात पूर्ण पॅड घालून फक्त १४ सराव करता येतात. म्हणजे पाच जणांची जुळवाजुळव सप्टेंबरनंतर होणं शक्यच नाही, ती ऑगस्टमध्येच व्हायला हवी. तरीही २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी आपण पहिले दोन्ही सामने हरलो. २०२२ मध्ये जवळजवळ संपूर्ण लाइन नवीन होती. पहिल्या सामन्यात पिट्सबर्गने ७ आणि दुसऱ्यात डॅलसने ६ सॅक काढले. मग उरलेल्या १४ सामन्यांत मिळून बरो २८ वेळाच सॅक झाला. खेळाडू जवळजवळ तेच होते. फरक पडला तो एकत्र खेळल्याने आणि चेंडू लवकर सोडण्याचे खेळ लावल्याने. २०२५ मध्ये उजव्या गार्डसाठी लुकास पॅट्रिकला एका वर्षाच्या करारावर आणलं आणि सराव शिबिर उरकत आल्यावर डाल्टन रिझनरला घेतलं. चांगला असला तरी ऑगस्टच्या शेवटी आलेला गार्ड शेजारच्या टॅकलबरोबर स्टंट सोपवायला केव्हा शिकणार?

आता ड्राफ्टचा हिशेब. २०१८ साली पहिल्या फेरीत सेंटर बिली प्राइस घेतला, तो जमला नाही. त्यानंतर २०१९ ते २०२५ या सात ड्राफ्टांत पहिल्या फेरीत एकही गार्ड वा सेंटर नाही. २०२१ मध्ये टॅकल पेनेई सूएलऐवजी रिसीव्हर (पास झेलणारा) जामार चेस घेतला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. चेसने ती निवड सार्थ केली आहे. तक्रार आहे ती दुसऱ्या फेरीची. ३८ वा क्रमांक न्यू इंग्लंडला देऊन आपण ४६ वर सरकलो आणि कॉलेजात टॅकल खेळलेल्या जॅक्सन कार्मनला गार्ड बनवायला घेतला. तो त्या जागी कधीच पक्का झाला नाही. त्याच फेरीत ६३ व्या क्रमांकावर क्रीड हम्फ्री हा सेंटर कॅन्सस सिटीला मिळाला. दोन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, कॉलिन्स, कॅपा आणि जोना विल्यम्स हे तिघे जायबंदी असताना आपण बाद फेरी खेळलो. त्यानंतर तीनच महिन्यांत झालेल्या ड्राफ्टमध्ये तुम्ही आठ खेळाडू घेतले. त्यात बरोपुढच्या लाइनसाठी एकही जण नव्हता. २०२५ मध्ये चेसला चार वर्षांचे १६.१ कोटी आणि टी हिगिन्सला ११.५ कोटी डॉलर मिळाले. दोघेही त्या पैशाला लायक आहेत. पण १५ यार्ड पुढे धावणाऱ्या रिसीव्हरला मोकळं व्हायला अडीच-तीन सेकंद लागतात, आणि ती सेकंदं ज्यांनी कमवायची त्यांच्यासाठी त्या वर्षी मुख्यतः तिसऱ्या फेरीतला डिलन फेअरचाइल्ड आणि एकेका वर्षाचे करार आले.

हे जमतं, आणि एका उन्हाळ्यात जमतं. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल जखमी होते; त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स रात्रभर पळत राहिला आणि टॅम्पा बेने त्यांना ३१-९ हरवलं. त्यांनी लगेच जो थुनीला पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलर देऊन डावा गार्ड केला, ऑर्लँडो ब्राउनला अदलाबदलीत आणलं, हम्फ्रीला दुसऱ्या फेरीत आणि ट्रे स्मिथला सहाव्या फेरीत २२६ व्या क्रमांकावर घेतलं. संघ हरला होता टॅकल नसल्यामुळे, तरी त्यांनी मधले तिन्ही बदलले. दोन वर्षांनी त्यांच्यासमोर फिलाडेल्फिया होतं, ज्याने त्या हंगामात ७० सॅक काढले होते. सुपर बोलमध्ये त्यांना महोम्सचा एकही सॅक मिळाला नाही. पुढच्याच महिन्यात तुम्ही त्या लाइनमधला टॅकल विकत घेतला. मधले तिघे तेव्हा कॅन्सस सिटीतच राहिले.

या संघाला हे कोणी शिकवायची गरज पडू नये, ही आमची खरी खंत. १९८० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला टॅकल अँथनी मुनोझ १३ हंगाम इथेच खेळला आणि १९९८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. २०१७ मध्ये एकाच महिन्यात अँड्र्यू व्हिटवर्थ आणि गार्ड केव्हिन झाइटलर या दोघांना तुम्ही जाऊ दिलंत. २०२२ च्या त्या सुपर बोलमध्ये समोरच्या संघाचा डावा टॅकल चाळीस वर्षांचा व्हिटवर्थ होता.

श्री. ब्राउन, त्याच्याही मागचं आपल्याला आमच्यापेक्षा जास्त आठवत असेल, कारण तेव्हा आपण वडिलांबरोबर संघाचं काम पाहत होतात. १९६९ साली ग्रेग कुक नावाचा नवा क्वार्टरबॅक या संघाने उभा केला होता, पहिल्याच हंगामात सगळ्यांच्या पुढे गेलेला. कॅन्सस सिटीविरुद्ध त्याचा खांदा गेला, तरी तो तसाच खेळत राहिला, आणि कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरच्या हातात तेवढी ताकद नव्हती, म्हणून सहायक प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी लहान, झटपट, ठरलेल्या वेळेला सुटणाऱ्या पासांचा खेळ बसवला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत तोच जगभर गाजला. चेंडू लवकर सोडून क्वार्टरबॅकला वाचवण्याचं हे तंत्र आपल्याच घरात जन्मलेलं आहे.

श्री. टेलर, हे आपल्यासाठी. सॅकचा सगळा दोष पाच जणांचा नसतो, हे आम्ही जाणतो. बरो कधी कधी चेंडू फार वेळ धरतो. खोल सरकून नऊ-दहा यार्डांवर गेला तर टॅकलने अचूक बाहेर नेलेला गडीही त्याला गाठतो. पण खेळ तुम्ही लावता. पास झेलू शकणाऱ्या पाचही जणांना पुढे पाठवून बॅकफिल्ड (क्वार्टरबॅकच्या आजूबाजूची जागा) रिकामं ठेवण्याची रचना तुम्हाला आणि बरोला आवडते, कारण त्यात बचाव उघडा पडतो. त्यात अडवायला लाइनचे पाचच उरतात. समोर सहा जण रेषेवर येऊन उभे राहिले की सेंटर एका बाजूला स्लाइड लावतो, म्हणजे लाइनमनना मिळून त्या बाजूला सरकवतो. मग सहातले दोन मागे हटतात, चारच येतात, पण तीन एकाच बाजूने. दोन लाइनमन रिकाम्या हवेत हात पसरून उभे, आणि दुसऱ्या बाजूने एक माणूस कोणाचाही स्पर्श न होता बरोपर्यंत पोचलेला. चारच जण आले आणि तरीही एक मोकळा. हे एका सामन्यात तीनदा दिसलं तर ती लाइनची चूक म्हणता येणार नाही.

तेव्हा, मधल्या तिघांपैकी एकही जण बदली खेळाडू असेल त्या सामन्यात सुरुवातीच्या ठरवलेल्या १५ खेळ्यांमध्ये बॅकफिल्ड रिकामं ठेवू नका. रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) आत ठेवा आणि त्याची नजर आधी मधल्या फटीवर, मग बाहेर, या क्रमाने फिरू द्या. कडेच्या सर्वांत धोकादायक गड्याला टाइट एंडने (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणाऱ्याने) निघताना खांद्याचा एक धक्का द्यावा. त्याचा मार्ग अर्धा सेकंद उशिरा सुरू होईल, तेवढं सोसा. बाल्टिमोर किंवा पिट्सबर्गच्या गोंगाटात गार्ड सेंटरच्या अंगावर थाप मारतो आणि ठरावीक वेळाने चेंडू निघतो. ती वेळ दर मालिकेत बदला, नाहीतर दुसऱ्या क्वार्टरपर्यंत समोरच्याला ताल पाठ होतो. आणि आठ लाइनमन सज्ज ठेवले की सामन्याला ४८ खेळाडू तयार ठेवता येतात, मग त्या आठांत एक जण असा असू द्या ज्याने शिबिरात सेंटरचे स्नॅप खरोखर टाकले आहेत. गार्डला आयत्या वेळी सेंटर केलं की पहिला चेंडू बरोच्या घोट्याशी जातो.

श्री. टोबिन, आपल्याकडे आमचं मागणं दोनच गोष्टींचं. पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्या दोन फेऱ्यांत एक गार्ड किंवा सेंटर, जो कॉलेजात त्याच जागी किमान दोन हंगाम खेळलेला आहे. टॅकलला आत बसवण्याचा प्रयोग पुन्हा नको. आणि मोकळ्या (करार संपलेल्या) खेळाडूंचा बाजार मार्चमध्ये उघडला की पहिल्याच आठवड्यात तिशीच्या आतला एक गार्ड, तीन वर्षांच्या करारावर. ऑगस्टमधली डागडुजी स्वस्त पडते असं वाटतं, पण २७.५ कोटी डॉलरचा क्वार्टरबॅक अडीच महिने बाकावर बसल्याची किंमत त्यात धरा.

शिबिर सुरू होण्यापूर्वी पाच जणांची नावं जाहीर करा, आणि सराव सामन्यांत ते पाचही जण एकत्र किमान साठ स्नॅप खेळतील हे सांगा. आम्ही गोलपोस्टमागच्या बाजूला बसतो. पाचांच्या टाचा तिथून नीट दिसतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ओहायोतले मराठी बेंगल्स-चाहते